मेंढा वर्षभर कळपात की ठरावीक काळापुरता?
ग्वाल्हेरच्या आसपास मेंढ्या पाळणाऱ्या आपल्या मंडळींपुढे दोन वाटा असतात. मेंढा वर्षभर कळपातच ठेवला तर श्रम वाचतात आणि माज (मेंढी मेंढ्याला घेण्यास तयार असण्याचा काळ) सहसा हुकत नाही. मात्र कोकरे केव्हाही जन्मतात, आणि मे महिन्याच्या होरपळीत व्यालेल्या मेंढीचे आटलेले दूध पाहवत नाही. याउलट, मेंढा किमान महिनाभर नजरेआड, वासही पोहोचणार नाही इतका दूर ठेवून जूनच्या आरंभी सोडला, तर मुख्यतः त्याच्या गंधाने, माजावर न येणाऱ्या अनेक मेंढ्यांत दोन-तीन दिवसांतच बीजमोचन होते, म्हणजे अंडाशयातून बीज सुटते. हा पहिला माज बहुधा मुका, म्हणजे बाहेरून लक्षणे न दिसणारा, असल्याने खरा माज साधारण 18 ते 25 दिवसांनी दिसतो. गाभणकाळ सुमारे 150 दिवसांचा, म्हणून कोकरे नोव्हेंबरात, हिरव्या चाऱ्यावर पोसलेल्या आयांपोटी येतात. मेंढा वेगळा राखण्याचे कष्ट मला तरी सार्थ वाटतात. शिवाय मेंढा सोडण्याआधीचे दोन आठवडे मेंढ्यांना थोडे धान्य जरूर द्यावे.