फोंड्यातली लसींवरची रविवारची कार्यशाळा: पैसे वसूल, पण माइकचं काहीतरी करा

मागच्या रविवारी गोव्यात फोंड्याला लस कशी डिझाइन करतात यावरची अर्ध्या दिवसाची कार्यशाळा केली, फी ३०० रुपये, त्यात चहा आणि भाजी-पाव. वाळपईहून सकाळची कदंबा बस धरून गेलो, धो धो पाऊस, हॉलवर पोचेपर्यंत पँट गुडघ्यापर्यंत ओली. ५ पैकी ४ स्टार देतोय, एक का कापला ते पुढे सांगतो.

मला आपलं वाटायचं की अख्खा विषाणू मारायचा आणि टोचायचा, झाली लस. कोव्हॅक्सिन तशीच तर आहे. पण शिकवणाऱ्या मॅडमनी सुरुवातीलाच विचारलं, विषाणूवरची नेमकी कुठली वस्तू शरीराला दाखवायची, आणि ती कुठल्या आकारात? हे आकाराचं माझ्या डोक्यात कधीच आलं नव्हतं.

मग त्यांनी दारातल्या बादलीतली कुणाची तरी ओली छत्री उचलली, मालक काका मागून ओरडले, "मॅडम, मोडूं नाका हां!" सरळ छत्री म्हणजे आरएसव्ही या लहान मुलांच्या फुप्फुसांना त्रास देणाऱ्या विषाणूचं एफ प्रोटीन, ज्याच्या जोरावर तो पेशीत घुसतो, ते घुसायच्या आधीचं. वाऱ्याने उलटी झाली की घुसून झाल्यानंतरचं. सगळ्यात जबरदस्त अँटीबॉडी चिकटतात त्या सरळ छत्रीच्या टोकाला, आणि उलटली की ती जागाच गायब, त्यात हे प्रोटीन इतकं नाजूक की नुसतं ठेवलं तरी आपोआप उलटतं. १९६०च्या दशकात फॉर्मॅलिन या रसायनाने विषाणू मारून केलेली, म्हणजे बहुतेक उलटलेल्या छत्र्यांचीच, आरएसव्हीची लस दिलेली मुलं पुढे इन्फेक्शन झाल्यावर उलट जास्तच आजारी पडली, दोन दगावली, हे सांगितलं तेव्हा हॉलमध्ये कोणी पावाला हात लावेना. २०१३ मध्ये मॅक्लेलन, ग्रॅहम या शास्त्रज्ञ मंडळींनी एफ प्रोटीन सरळ आकारात पक्कं करून दाखवलं आणि २०२३ मध्ये लसी बाजारात आल्या. इथे मॅडमनी छत्रीच्या काड्यांना दोन रबरबँड लावले, म्हणे फायझर-मॉडर्नाच्या कोरोना लसींतल्या स्पाइकमध्ये (कोरोनाचं पेशीत घुसायचं प्रोटीन) ९८६ आणि ९८७ नंबरच्या जागी दोन प्रोलीन, म्हणजे प्रोटीनच्या साखळीतले कडक मणी, बसवलेत त्यांचं काम हेच. कोव्हिशिल्डमध्ये ते नव्हते, हे मला नवीनच.

मेनिंजायटिस बी, म्हणजे मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या जंतूवाला भाग पण मस्त. त्या जंतूचं साखरेचं कवच आपल्याच मेंदूतल्या साखरेसारखं, म्हणजे ते टार्गेट घेऊन उपयोग नाही, शरीर त्याला घरचंच समजणार. मग रापुओली या शास्त्रज्ञांच्या टीमने जंतूचा अख्खा जीनोमच, म्हणजे सगळी जनुकंच, वाचून काढली, त्यातून साडेतीनशेच्या आसपास प्रोटीनं बनवून उंदरांवर तपासली, आणि शेवटी लसीत गेली मोजकीच. गर्भाशयमुखाचा कॅन्सर करणाऱ्या एचपीव्ही विषाणूचं एल१, म्हणजे त्याच्या कवचाचं प्रोटीन, दहा मिनिटांत उरकलं. माझ्या मुलीला तीच लस द्यायचीय म्हणून मी कान टवकारून बसलेलो, तर नेमका तेव्हाच माइक खरखरला.

तर तो एक स्टार गेला माइकला, आणि स्लाइडवरच्या मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांना.

आणि खरं सांगायचं तर थोडा रागही आहे. आमच्या सत्तरी तालुक्यात माकडताप (गोचिडांमुळे पसरणारा विषाणूचा ताप) आहे, त्याची जुनी लसही फॉर्मॅलिनने मारलेल्या विषाणूचीच, म्हणून मी विचारलं की तिथेही प्रोटीनचा आकार बिघडत असेल का? मॅडम म्हणाल्या, "चांगला प्रश्न, माकडतापात टार्गेट म्हणजे विषाणूच्या बाहेरचं ई प्रोटीन...", तेवढ्यात आयोजकांनी हॉल रिकामा करायचाय म्हणून पंखेच बंद केले.