संक्रांतीचे हलव्याचे दागिने : तुळशीबाग, दादर आणि घरगुती कारागिरांकडील खरेदी

लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला नव्या सुनेला काळी साडी नेसवून हलव्याच्या दागिन्यांनी सजवायचे आणि घरातल्या लहानग्याला तसेच दागिने घालून बोरन्हाण करायचे, हे दोन्ही सोहळे यंदा आमच्याकडे एकाच संक्रांतीत आले. सुनेसाठी पूर्ण संच, मुलासाठी हार आणि हातात धरायचा नारळ, पुतणीच्या बाळासाठी बाळकृष्णाचा साज अशी ही खरेदी होती. ती करताना पुण्याची तुळशीबाग, मुंबईत दादर पश्चिमेचा बाजार आणि पुण्यातच घरी दागिने करून देणाऱ्या एक कारागीर बाई, अशा तीन ठिकाणचा माल नीट पारखता आला. तिन्हींमध्ये त्या बाईंच्या हातचे दागिने निर्विवाद उजवे ठरले. नक्षीकाम बाजारातल्या काही संचांचेही तितकेच देखणे होते, पण खाण्याजोगा हलवा फक्त त्यांच्याकडे होता, आणि माझ्या मते या वस्तूची पहिली कसोटी तीच आहे.

हलवा किती वेळखाऊ आहे हे ज्याने तो घरी होताना पाहिला आहे त्यालाच कळते. साखरेत पाणी घालून उकळायचे, दुधाचा हबका मारून वर येणारी मळी काढून टाकायची आणि एकतारीच्या किंचित अलीकडे थांबून पांढराशुभ्र पाक तयार ठेवायचा. मंद शेगडीवर परात ठेवून तीळ कोमट करायचे, त्यांवर अर्धा चमचा पाक सोडायचा आणि तो प्रत्येक दाण्याला लागून वाळेपर्यंत बोटांच्या टोकांनी हलवत राहायचे. मग पुढचा अर्धा चमचा. पाक घाईने ओतला तर दाण्यांचा गोळा होतो, आच वाढली तर साखर पिवळी पडते आणि हात जोरात फिरला तर दाण्यावर नुकता धरू लागलेला साखरेचा टोकदार काटा मोडतो. हे काम तासन्‌तास चालते आणि बऱ्याचदा दुसऱ्या दिवशीही पुढे न्यावे लागते. कोरडी थंडी असेल तर काटा टपोरा येतो, म्हणून जुन्या बायका पहाटेच्या गारव्यात शेगडी पेटवून बसत. तिळाखेरीज खसखस, साबुदाणा, लवंग आणि भोपळ्याच्या बिया यांचाही हलवा करतात. खसखशीचा नाजूक हलवा नथीसारख्या बारीक कामाला शोभतो, तर साबुदाण्याचा टपोरा दाणा हारासाठी आणि बांगड्यांसाठी सोयीचा पडतो.

बाजारात मिळणारा बहुतेक हलवा यंत्राच्या फिरत्या कढईत केलेला असतो. त्यात गैर काही नाही, कारण एवढ्या मोठ्या मागणीला हातचा हलवा पुरणे शक्य नाही. मात्र यंत्रावरच्या हलव्याचा काटा अनेकदा बोथट असतो, आणि याचा परिणाम केवळ दिसण्यावर होत नाही. दागिना गुंफताना कारागीर दाण्याला सुई टोचत नाही, कारण टोचला तर तो फुटतो. दुहेरी दोऱ्याच्या फासात दाणा अडकवून गाठ मारायची, लगेच दुसरा दाणा, पुन्हा गाठ, अशी ती लड पुढे सरकते आणि दोरा धरून ठेवण्याचे काम काटेच करतात. काटा चांगला असला की दागिना डिंकाशिवाय उभा राहतो. काटा नसला की दाणा निसटतो, आणि तिथेच चिकटवण्याची गरज निर्माण होते.

या चिकटवण्यावरच माझा सर्वांत मोठा आक्षेप आहे. एका दुकानातून घेतलेल्या हाराची पदके घरी आणून पाहिली, तेव्हा पुठ्ठ्याच्या चकतीवर सोनेरी कागद लावून त्यावर हलवा गोंदाने बसवलेला आढळला. मधल्या लडींमध्ये तर हलव्याच्या जागी रंगवलेले थर्माकोलचे मणी आणि प्लास्टिकचे मोती होते. विकताना त्यांना हलव्याचे दागिने असेच म्हटले होते आणि वरवर पाहणाऱ्याला फरक कळलाही नसता. दुकानदाराला विचारले, तेव्हा हल्ली लोक दागिने फोटोसाठीच घेतात, खातो कोण, असे उत्तर मिळाले. हे उत्तर मला मान्य नाही. हा साज अंगावरून उतरला की लडी सोडवून हलवा वाटला जातो. सुनेच्या गळ्यातला हार शेजारच्या मुलांच्या तळहातांवर जातो, बाळाच्या बाजूबंदाचे दाणे त्याच्याच आत्या आणि मावश्या तोंडात टाकतात. जे वाटता येत नाही ते संक्रांतीला घालण्यात मला तरी अर्थ वाटत नाही. त्यामुळे कोणताही संच घेण्यापूर्वी पदके उलटी करून मागची बाजू पाहावी आणि हलवा खाण्याचा आहे का, हे स्पष्ट शब्दांत विचारावे.

तुळशीबागेत निवड भरपूर आहे. नारो आप्पाजी तुळशीबागवाले यांनी अठराव्या शतकात बांधलेल्या राममंदिराभोवती वसलेल्या या बाजारात जानेवारी उजाडला की भातुकली, पितळी देव आणि खोट्या दागिन्यांच्या शेजारी हलव्याचे संच टांगलेले दिसू लागतात. मंगळसूत्र, तन्मणी, नथ, कुड्या, बिंदी, बांगड्या, बाजूबंद, कंबरपट्टा, मुंडावळ्या आणि पैंजण हे सगळे एका जागी हाताळून पाहता येते, हा या बाजाराचा मोठा गुण. सुट्टा हलवा, वाणाच्या वस्तू आणि बोरन्हाणाचे साहित्यही त्याच फेरीत मिळते आणि पलीकडे मंडईच्या बाजूला सुगडे, बोरे, ऊस, गाजर आणि हरभऱ्याच्या गड्ड्या घेता येतात. उणीव अशी की संच ठरावीक मापांचे असतात. आमच्या सुनेच्या मनगटाला बांगड्या सैल झाल्या आणि कंबरपट्टा दोन्ही टोकांना फिती जोडून बांधावा लागला. संक्रांतीच्या तोंडावर गर्दी इतकी होते की बारकाईने पाहायला उसंत मिळत नाही, म्हणून सकाळी दुकाने उघडताच जावे.

दादरला रानडे रस्त्याच्या आसपास फिरताना काम अधिक झगमगीत वाटले. रंगीत हलवा, खडे, चमकी आणि लेस यांचा वापर तिथे जास्त दिसला. ज्यांना तसे आवडते त्यांना तिथे पुष्कळ वाव आहे. माझा कल पांढऱ्या हलव्याकडे आहे, कारण काळ्या चंद्रकळेवर तो जसा उठून दिसतो तसा गुलाबी किंवा हिरवा दिसत नाही. मुंबईकरांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. समुद्रकाठच्या दमट हवेत उघडा टांगलेला हलवा लवकर ओलसर होतो, म्हणून दर्शनी भागातला संच घेण्याऐवजी डब्यात बंद असलेला मागून घ्यावा.

घरगुती कारागीर बाईंचे नाव त्यांच्या इच्छेनुसार इथे देत नाही. ओळखीतून मिळणारे काम त्यांना पुरते आणि हात मोजके असल्याने ऑर्डरीही त्या मोजक्याच घेतात. पुण्यात, ठाण्यात, डोंबिवलीत अशी कामे करणाऱ्या अनेक स्त्रिया आहेत आणि हळदीकुंकवाला चार घरी चौकशी केली तरी त्यांचा पत्ता लागतो. बाईंनी आधी मनगट, दंड, कंबर आणि गळ्याची माळ कुठवर हवी याची मापे मागवली, साडीचा काठ विचारला आणि नथ दाबाची हवी की नाकात घालण्याची हेही विचारून घेतले. निम्मे पैसे आगाऊ द्यावे लागले, ते रास्तच आहे. बाजारात बाळाचा साधा संच काही शे रुपयांत आणि सुनेचा संच साधारण हजार-दोन हजारांत मिळतो, तर मापाने करून घेतलेल्या हातच्या कामाला त्याहून बरेच अधिक मोजावे लागतात. एकेका दाण्याला मारलेली गाठ पाहिली की ती किंमत मला जास्त वाटत नाही. उलट अशा कामाशी घासाघीस करू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

वस्तू हाती आली तेव्हा प्रत्येक दागिना पातळ कागदात गुंडाळून पुठ्ठ्याच्या खोक्यात आडवा ठेवलेला होता आणि लडी तुटल्यास जोडण्यासाठी मूठभर सुटा हलवा आणि दोऱ्याची गुंडी सोबत दिली होती. खोके मुंग्यांपासून जपावे, फ्रीजमध्ये मुळीच ठेवू नये, आणि अत्तर किंवा फवाऱ्याचे सुगंधी द्रव्य दागिने घालण्याआधीच लावून वाळू द्यावे, अशा सूचना त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिल्या. हार दिवसभर गळ्यात होता, औक्षण झाले, पाया पडणे झाले, फोटो झाले, तरी एकही लड सुटली नाही. एकच त्रुटी सांगायची तर जोडव्यांचा हलवा चालताना फरशीला घासून गळाला. जोडवी घेऊच नयेत किंवा केवळ पाटावर बसताना घालावीत.

बाळाच्या संचाबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण तिथे सौंदर्यापेक्षा जपणूक महत्त्वाची आहे. मुकुट, बासरी, हार, बाजूबंद आणि कमरेची साखळी असा हा साज असतो. बाजारातल्या बऱ्याच मुकुटांच्या कडेला तार आणि टाचण्या असतात आणि त्या बाळाच्या कपाळाला टोचतात. बाईंनी मुकुटाला आतून मऊ सुती पट्टी शिवली होती आणि सगळे बंद नाडीचे ठेवले होते. बाळ हाती येईल ते तोंडात घालते आणि टणक दाणा घशात अडकण्याचा धोका असतो, म्हणून दागिने अंगावर असेपर्यंत एका मोठ्या माणसाने त्याच्यापासून नजर हलवू नये. डोक्यावरून घालायच्या बोरांत आम्ही चुरमुरे जास्त ठेवले, बोरे लहान आणि मऊ निवडली, उसाचे करवे बाळावर न टाकता बाजूला पसरले आणि ते वेचायला आलेल्या इमारतीतल्या मुलांना पिशव्या दिल्या. त्या मुलांना भेट म्हणून वेगळे खेळणे द्यावे असा एक विचार होता, पण वेचण्याच्या झुंबडीत आणि नंतर वाटलेल्या हलव्यातच ती इतकी रमली की खेळणी तशीच राहिली.

हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना वाण म्हणून आम्ही त्याच बाईंकडून घेतलेल्या सुट्या हलव्याच्या पुड्या तिळगुळाबरोबर दिल्या. प्लास्टिकच्या डब्या आणि चाळण्या दरवर्षी या घरून त्या घरी फिरत राहतात, हलवा मात्र त्याच आठवड्यात संपतो. अनेकींनी तो कुठे केला म्हणून विचारले, आणि त्यातून बाईंना पुढच्या वर्षासाठी कामेही मिळाली.

ऑर्डर कधी द्यावी, हे त्या त्या वर्षीच्या तिथींवर ठरते. २०२४ मध्ये संक्रांत १५ जानेवारीला आणि रथसप्तमी १६ फेब्रुवारीला होती, त्यामुळे बोरन्हाणे आणि हळदीकुंकू महिनाभर पसरली आणि उशिरा सांगणाऱ्यांचेही काम झाले. २०२६ मध्ये संक्रांत १४ जानेवारीला आणि रथसप्तमी २५ जानेवारीलाच आली, सगळे समारंभ त्या अकरा दिवसांत दाटले आणि जानेवारीत फोन करणाऱ्यांना बाईंना नाही म्हणावे लागले. मापाचे दागिने हवे असतील तर नवीन दिनदर्शिका हाती येताच या दोन तारखा पाहाव्यात आणि नोव्हेंबर संपण्यापूर्वी मापे आणि आगाऊ रक्कम पोहोचवावी. परदेशी पाठवायचा संच असेल तर त्याहून महिनाभर आधी सांगावे, लडी सुट्या ठेवून मागवाव्यात आणि जोडणीचा दोरा सोबत मागून घ्यावा.