१८५ काढून १९५ टायर घातले, त्याला अकरा महिने झाले

गेल्या महिन्यात रात्री साडेदहाला पुढचा डावा टायर बसला. त्याच्या आधी लिहिलं असतं तर नुसतं कौतुक लिहिलं असतं.

माझ्या कारचं कंपनीचं माप १८५/६५ आर१५, म्हणजे टायर १८५ मिमी रुंद, त्याची साइडवॉल (बाजूची भिंत) रुंदीच्या ६५ टक्के उंच आणि रिम १५ इंच व्यासाचं. मी १९५/६५ आर१५ घातले, रिम जुनेच ठेवले. जुन्या चारही टायरची नक्षी घासून २ मिमीवर आली होती, त्यामुळे बदलायचे तर होतेच. दुकानदार म्हणाला, "एक माप वर घ्या, काही फरक पडत नाही." स्टेपनी कोरी करकरीत होती, एकदाही रस्त्याला लागलेली नव्हती. पाचव्या टायरवर पैसे का घालायचे, म्हणून ती तशीच ठेवली. सगळा घोळ तिथे झाला, पण ते पुढे सांगतो.

पहिले दोन महिने मी खूश होतो. साइडवॉल साडेसहा मिमीने उंच झाल्यामुळे खड्ड्यातला दणका मऊ झाला. स्पीडब्रेकरवर पाच माणसं बसल्यावर पोट घासायचं, ते बंद झालं. रस्त्याचा आवाजही कमी झाला. मात्र तो मापामुळे झाला की नुसत्या नव्या रबरामुळे, हे मला वेगळं काढता येत नाही, म्हणून त्याचे गुण मी मापाला देत नाही.

मग मायलेज बघितलं आणि डोकं फिरलं. मी गेली कित्येक वर्षं टाकी फुल करून वहीत लिहितो. जुन्या टायरवर शेवटचा सरासरी आकडा १७.५ होता, नव्यावर १६.६. लिटरमागे जवळपास एक किलोमीटर गेला! जुने टायर विकून टाकले नसते तर त्याच आठवड्यात परत घातले असते.

पण आकडेमोड करायला बसलो तेव्हा मत बदलावं लागलं. १८५/६५ चा व्यास ६२१.५ मिमी येतो आणि १९५/६५ चा ६३४.५. म्हणजे चाक २.१ टक्क्यांनी मोठं, आणि चाकाच्या फेऱ्यांवरून किलोमीटर मोजणारं ओडोमीटर तेवढंच कमी मोजणार. मीटरवरचे १६.६ म्हणजे खरे साधारण १६.९५. आता जुन्या टायरकडे बघा. नवीन टायरची नक्षी ८ मिमीच्या आसपास असते. ती २ मिमीवर आली की व्यास १२ मिमीने घटतो, म्हणजे झिजलेला टायर स्वतःच २ टक्के लहान. त्यावर मीटर जास्त मोजत होतं, तेव्हा ते १७.५ खरे १७.१५ होते. शेवटी फरक उरला लिटरमागे २०० मीटरचा. नवं रबर तसंही थोडं जास्त इंधन खातं, त्यामुळे एवढ्यासाठी मी मापाला दोष देणार नाही. स्पीडोमीटरनेही हेच दाखवलं. काटा १०० वर असताना फोनचं जीपीएस आधी ९४ दाखवायचं, आता ९८ दाखवतं. ज्यांची सवय काट्याच्या भरवशावर चालवायची आहे त्यांनी हे ध्यानात ठेवावं.

चढावर मात्र फरक जाणवतो. जिथे तिसरा गिअर पुरायचा तिथे आता दुसरा टाकावा लागतो. आणि गाडी भरलेली असताना, स्टिअरिंग पूर्ण वळवून रिव्हर्स घेतलं की खर्र आवाज येतो. चाकाच्या कमानीच्या आतल्या प्लॅस्टिकवर टायर घासून अंगठ्याएवढा गुळगुळीत पट्टा पडला आहे. घेण्यापूर्वी दुकानातच माणसं बसवून दोन्हीकडे पूर्ण लॉक करून बघायला हवं होतं. माझं रिम साडेपाच इंच रुंद आहे, ते १९५/६५ साठी अगदी खालच्या मर्यादेवर. तुमचं पाच इंची असेल तर हे माप घेऊच नका.

आता ती रात्र. टायरची साइडवॉल फाटली होती, पंक्चर निघण्यातलं नव्हतं. स्टेपनी चढवली, नट आवळले, निघालो. पाचेक किलोमीटरवर हवेच्या दाबाचा दिवा लागला. उतरून बघितलं, चारही ठिकाणी दाब बरोबर. परत निघालो, दिवा तसाच. माझ्या गाडीत टायरच्या आत सेन्सर नाहीत. हवा कमी झालेलं चाक किंचित लहान होऊन जास्त फिरतं, त्यावरून गाडी अंदाज बांधते. स्टेपनी खरोखरच लहान, म्हणजे गाडीच्या लेखी त्या चाकात हवा कमी. दिवा बरोबर होता. स्टिअरिंगही हलकंसं डावीकडे ओढत होतं.

सकाळी खडूने टायरवर आणि फरशीवर खूण केली, गाडी ढकलली आणि टेप लावला. स्टेपनीचा एक फेरा १.९० मीटर, उजव्या चाकाचा १.९४. तीन फेऱ्यांत १२ सेंटिमीटरची तफावत फरशीवर दिसत होती. किलोमीटरमागे लहान चाक साधारण ११ फेरे जास्त मारतं आणि तो फरक डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी) सतत झेलत राहतं. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी असेल तर अशी स्टेपनी पुढे ठेवूच नये. मागचं चाक पुढे आणावं आणि स्टेपनी मागे लावावी. मी त्याच सकाळी तसं केलं, दहाच मिनिटं जास्त लागली. रात्री सुचलं असतं तर ४० किलोमीटर जीव मुठीत धरून आलो नसतो.

सर्व्हिस सेंटरमध्ये वेगळाच वाद झाला. उजव्या बाजूच्या चाकाचं बेअरिंग घुं करत होतं, वॉरंटी शिल्लक होती, आणि त्यांनी जॉबकार्डवर आधी 'टायरच्या मापात बदल' असं लिहून हात वर केले. मी वरिष्ठांपर्यंत गेलो, दोन आठवडे घालवले, पण काम पदरचे पैसे भरूनच झालं. खरं तर दाराच्या खांबावरचं स्टिकर मी आधी वाचायला हवं होतं. त्यावर माझ्या गाडीला १९५/६० आर१५ ही मान्य आहे. त्याचा व्यास ६१५ मिमी, मूळ मापापेक्षा फक्त एक टक्का कमी. रुंदी मिळाली असती आणि वादही झाला नसता.

फाटलेल्याच्या जागी नवा घ्यायला गेलो तेव्हा या वेळी दोन घेतले, एक स्टेपनीसाठी. जुन्या कोऱ्या स्टेपनीच्या कडेवरचा कोड वाचला तर १४१८, म्हणजे २०१८ चा चौदावा आठवडा. नक्षी पूर्ण, पण खाचांच्या तळाशी केसासारख्या भेगा पडलेल्या. तिच्या जागी १९५ ठेवला, तर डिकीचा पत्रा बोटभर वर राहतो. त्याखाली फोमची पट्टी कापून बसवली आहे, आता खडखडत नाही.