अलकापुरीतलं फॉरेन अ‍ॅडमिशनवालं ऑफिस: सर भारी, पण फॉर्म स्वतः तपासा

मुलाचं जर्मनीचं बघायचं होतं म्हणून गेलो होतो. नाव टाकत नाही, बडोदं छोटंय, रोज तोंडं दिसतात.

आधी चांगलं सांगते. मोठे सर एक नंबर. एका पाठकोऱ्या कागदावर त्यांनी जे समजावलं ते शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या चिरंजीवांना बारावीला गुजरात बोर्डात ७८ टक्के, ग्रेड बी-वन, म्हणजे ७१ ते ८० मध्ये आलात की बी-वन, बाकीच्यांना किती पडले याच्याशी संबंध नाही. आणि माझ्या भाचीला सीबीएसईला एका विषयात ९१ असून ए-टू मिळाला तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो, पण तिथे म्हणे त्या विषयात पास झालेल्यांची रांग लावतात, पहिल्या आठव्या हिश्श्याला ए-वन, पुढच्या आठव्याला ए-टू, असं खाली खाली. सॉरी गं बाई. जर्मनीत तर उलटंच, १ सगळ्यात भारी, ४ म्हणजे काठावर पास, ५ म्हणजे गेलास. सासूबाई अजून विचारतात, "एक मार्क मिळवायला एवढ्या लांब कशाला?"

आता रडगाणं. फॉर्म भरायला बसवलेल्या मुलीने टक्क्यांच्या रकान्यात ९१ टाकले! ती पर्सेंटाइल रँक होती, मार्कशीटवर वेगळी छापलेली असते, म्हणजे साधारण ९१ टक्के पोरं याच्या मागे, मार्क ९१ टक्के नाहीत. तर म्हणते, "आंटी, जास्त दिसलं तर सारुंच ने?" अगं, मार्कशीट सोबत जोडणार आहोत ना!

ते सुधारलं तर जर्मन ग्रेड आली २.१. मला शंका आली. फॉर्म्युला तसा सोपा, शंभरातून आपले टक्के वजा, त्याला शंभर वजा पासिंगने भागा, गुणिले तीन, अधिक एक. तिने पासिंग धरलं ४०, आपल्या बोर्डाचं ३३. तिथेच मोबाइलवर केलं, २२ भागिले ६७... १.९८. मर्यादित सीटवाल्या कोर्सला एवढ्यानेही फरक पडतो हो.

सरांनी मग स्वतः बसून फॉर्म परत भरला, चहाही पाजला. पण नुसत्या बारावीवर थेट युनिव्हर्सिटी सहसा मिळत नाही, आधी श्टुडिएनकोलेग (युनिव्हर्सिटीआधीचा तिथला तयारीचा कोर्स) करावं लागतं, हे फी घेतल्यावर का सांगितलं?

तीन स्टार, तेही त्या पाठकोऱ्या कागदाचे. शनिवारी जाऊ नका, सर नसतात.