कस्टममधून सुटलेले रंग

मैदानावर सेलचा मांडव पडला की एखादा स्टॉल चित्रकलेच्या साहित्याचा असतोच. लातूरकर, नांदेडकर, परभणीकर, तिथे जलरंग घ्यायच्या आधी हे वाचा.

लातुरात मला विकणारा म्हणाला, "ताई, परदेशी माल आहे, कस्टममधून सुटलेला. दुकानात सहा हजारांच्या खाली नाही मिळायचा." २४ ट्यूब, १,८०० रुपये. पक्कं बिल मागितलं तर म्हणे, वर जीएसटी लागेल. चिठ्ठीवर मोबाइल नंबर लिहून दिला. तो आता बंद आहे.

आमच्या ओळखीच्या चित्रकलेच्या सरांनी रंग उघडलाच नाही, आधी ट्यूबची शेपटी बघितली. कारखान्यात ट्यूब मागून भरतात आणि मशीन सरळ, एकसारखी घडी मारतं. माझ्या ट्यूबांच्या घड्या वाकड्यातिकड्या, त्यावर पकडीचे वळ. म्हणजे कुणीतरी घरी बसून भरलेल्या! लेबलवर रंगाचं नाव होतं, पण रंग नेमका कशाचा बनलाय ते सांगणारा रंगद्रव्याचा क्रमांक एकाही ट्यूबवर नव्हता.

खरी गंमत कागदावर दिसली. 'कोबाल्ट ब्लू' आणि 'अल्ट्रामरीन' शेजारी शेजारी लावले, तर कोबाल्ट म्हणजे तोच निळा, पांढरा घालून दुधाळ केलेला. काळ्या वॉटरप्रूफ रेघेवरून फिरवला तर रेघेवर पांढुरकी साय धरली. खऱ्या कोबाल्टचा क्रमांक पीबी २८ (पीबी म्हणजे पिगमेंट ब्लू, निळं रंगद्रव्य) आणि तो महाग. अल्ट्रामरीन पीबी २९, बराच स्वस्त. चांगल्या कंपन्याही कोबाल्टऐवजी मिश्रण विकतात, पण नावापुढे 'ह्यू', म्हणजे नुसती तशी छटा, असं छापतात. त्याला फसवणूक म्हणता येत नाही.

गुलाबीची पट्टी अर्धी काळ्या कागदाने झाकून खिडकीत चिकटवली. आपल्याकडचं एप्रिलचं ऊन, दुसरं काय! उघडा अर्धा भाग जवळपास कोरा झाला, झाकलेला तसाच भडक.

ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. पण बिल नाही, दुकानाचा पत्ता नाही, तर तक्रार करायची कुणाविरुद्ध?

नवशिक्याला २४ ट्यूब लागतही नाहीत. गावातल्या कायमच्या दुकानातून पीवाय १५४ पिवळा, पीव्ही १९ गुलाबी आणि पीबी २९ निळा अशा तीनच घ्या. तिन्ही उन्हाला टिकणारे, आणि हिरव्या-जांभळ्यापासून मातकटापर्यंत बरंच काही त्यातून निघतं. दुकानदार क्रमांक दाखवायला कुरकुरला तर पुढच्या दुकानात जा.