ट्विस्टवाली एकच कादंबरी घ्यायचीये: गॉन गर्ल की द सायलेंट पेशंट?

सायकॉलॉजिकल थ्रिलर वाचायला सुरुवात करायचीये आणि ही दोन पुस्तकं कार्टमध्ये टाकून अडकलाय, अशांसाठी लिहितेय. स्पॉयलर एकही देणार नाही, बिनधास्त वाचा. दोन्ही पुस्तकांना स्पॉयलरचा फटका बसतो, पण एकाला थोडा बसतो आणि दुसऱ्यात मग काही उरतच नाही, आणि माझ्या मते निवड करायची ती याच गोष्टीवरून.

आधी गोष्ट काय ते. गॉन गर्ल २०१२ चं, गिलियन फ्लिनची तिसरी कादंबरी. निक आणि ॲमी न्यूयॉर्कमध्ये मॅगझिन्ससाठी लिहिणारं जोडपं, मंदीत दोघांच्याही नोकऱ्या जातात, निकची आई आजारी पडते म्हणून मिझुरीमध्ये मिसिसिपी नदीकाठच्या त्याच्या गावी येऊन राहतात, तो जुळ्या बहिणीबरोबर एक बार चालवतो. लग्नाच्या पाचव्या वाढदिवशी ॲमी घरातून गायब होते. एक चॅप्टर निक सांगतो, पुढचा चॅप्टर ॲमीची डायरी, जी दोघांच्या पहिल्या भेटीपासून म्हणजे २००५ पासून सुरू होते, आणि एकाच संसाराबद्दल दोघं जे सांगतायत ते एकमेकांशी जुळतच नाही.

द सायलेंट पेशंट २०१९ चं, ॲलेक्स मायकेलिडिसची पहिलीच कादंबरी, लंडनमध्ये घडते. ॲलिशिया नावाची चित्रकार, नवरा फॅशन फोटोग्राफर, एका रात्री तो उशिरा घरी येतो आणि ती त्याच्या चेहऱ्यावर पाच गोळ्या झाडते, आणि त्यानंतर एक अक्षर बोलत नाही. पोलिसांशी नाही, कोर्टात नाही, कोणाशीच नाही. फक्त स्वतःचं एक चित्र काढते आणि त्याला युरिपिडिसच्या ग्रीक नाटकातलं 'अल्सेस्टिस' हे नाव देते (ते नाटक आधी गुगल करू नका, पुस्तकात योग्य वेळी येतं). थिओ नावाचा सायकोथेरपिस्ट तिला बोलतं करायचं म्हणून मुद्दाम ती आहे त्या मानसोपचार केंद्रात नोकरी घेतो. सांगणारा थिओ, आणि मधेमधे ॲलिशियाची डायरी.

म्हणजे वरवर बघितलं तर सामान सेमच. नवराबायको, गुन्हा, डायरी, आणि सांगणाऱ्यावर विश्वास ठेवायचा का हा प्रश्न. फरक आहे तो मोठा ट्विस्ट कुठे येतो यात.

गॉन गर्लमध्ये तो साधारण निम्म्यावर येतो. एवढा मोठा पत्ता अर्ध्यातच उघडून टाकायचा याला हिंमत लागते, कारण अजून अर्धं पुस्तक शिल्लक आहे आणि वाचणाऱ्याला आता माहितीये. पण फ्लिनला तिथूनच खरं पुस्तक सुरू करायचं असतं. 'काय झालं' हे कळल्यावर 'ही माणसं अशी का झाली आणि आता एकमेकांचं काय करणार' हे जास्त भीतीदायक निघतं. शिवाय टीव्हीवाल्यांनी केस कोर्टात जायच्या आधीच नवऱ्याला दोषी ठरवून टाकणं हा भाग तर आपल्याकडे गेल्या काही वर्षांत ज्यांनी न्यूज चॅनल बघितलेत त्यांना वेगळा समजवायची गरजच नाही. हरवलेल्या बायकोच्या पोस्टरशेजारी उभं राहून निक सवयीने हसतो, कॅमेऱ्यात ते येतं, आणि त्या एका हसण्यावरून अख्खा देश मत बनवतो. मला हे त्या ट्विस्टपेक्षा जास्त हादरवणारं वाटतं, आणि ट्विस्ट माहीत असला तरी हे सगळं तसंच्या तसं राहतं.

सायलेंट पेशंटमध्ये मोठा ट्विस्ट जवळजवळ शेवटी आहे आणि पूर्ण पुस्तक त्या एका क्षणासाठी बांधलंय. बांधणी सुंदर आहे, शेवट कळल्यावर मागची पानं चाळा, कुठे काय उघड्यावर ठेवलं होतं आणि आपण कसे त्याच्यावरून पुढे गेलो ते दिसतं. चॅप्टर छोटे छोटे, दोनचार पानांचे, इंग्लिश सोपं, ट्रेनमध्ये उभ्याने वाचता येईल असं. ज्यांनी शाळेनंतर इंग्लिश कादंबरी हातात घेतलेली नाही त्यांनाही हे जमेल. पण कोणी एका वाक्यात शेवट सांगून टाकला तर मग वाचायचं कारण फार उरत नाही, कारण मधली माणसं, म्हणजे तो दीर, ती आत्या, गॅलरीवाला, ही संशय वाटून द्यायला आणलेली आहेत आणि तेवढंच काम करून जातात.

अजून एक, ज्यांचा थेरपीशी संबंध आहे, स्वतः घेतलीये किंवा त्या फिल्डमध्ये आहेत, त्यांना थिओचं वागणं खटकेल. पेशंटच्या नातेवाईकांच्या घरी परस्पर जाऊन चौकश्या करणं वगैरे कुठलाही जबाबदार थेरपिस्ट करणार नाही. लेखकाने सायकोथेरपी शिकलीये आणि अशा युनिटमध्ये कामही केलंय त्यामुळे तिथलं वातावरण, स्टाफच्या मीटिंगा, कुरबुरी हे खरं वाटतं, पण थेरपी कशी असते ते या पुस्तकावरून ठरवू नका प्लीज, आपल्याकडे आधीच लोक जायला घाबरतात.

गॉन गर्लचा त्रास वेगळा आहे. जाड आहे, चारशेच्या वर पानं, सुरुवातीची शंभरेक पानं हळू जातात, शिव्या भरपूर, रक्तही आहे, आणि जीव लावावा असं माणूस जवळजवळ कोणी नाही, निकची बहीण सोडून. शेवटही असा की तो वाचून पुस्तक आपटणारे लोक आहेत. मला तो शेवट एकदम बरोबर वाटतो, त्या दोघांचं दुसरं काही होऊच शकलं नसतं. पण गुन्हेगाराला शिक्षा, सगळे धागे बांधलेले, असं हवं असेल तर सायलेंट पेशंट घ्या, तिथे हिशोब पूर्ण होतो.

कोणी तिसरं म्हणून पॉला हॉकिन्सचं २०१५ चं द गर्ल ऑन द ट्रेन सुचवेल. तीन बायका सांगतात, त्यातल्या एकीला दारूमुळे गुन्हा घडला त्या रात्रीचं आठवतच नाही ही कल्पना जबरदस्त आहे आणि तिचं दारूशी झगडणं फार खरं उतरलंय, पण ट्विस्टसाठीच वाचत असाल तर सराईत वाचकाला आधीच अंदाज येतो.

कशावर वाचायचं तेही बघा. गॉन गर्ल शक्यतो छापील घ्या, कारण प्रत्येक चॅप्टरच्या डोक्यावर दिवस किंवा तारीख असते आणि मागे जाऊन ताडून बघावंसं वाटतं, ऑडिओबुकमध्ये ते जिकिरीचं होतं. सायलेंट पेशंट मात्र ऑडिओवर छान चालतं, थिओ आणि डायरीला वेगवेगळे आवाज आहेत. फुटपाथवरची पायरेटेड कॉपी या प्रकारात तर घेऊच नका, पानं गाळलेली किंवा उलटसुलट असली तर नेमकं तेच पान गेलं की सगळं गेलं. गॉन गर्लवर २०१४ मध्ये सिनेमा आलाय, पटकथा फ्लिननेच लिहिलीये, चांगला आहे, पण पुस्तकानंतर बघा. आधीच बघून झाला असेल तरी पुस्तक घ्या, डायरीतली ॲमी सिनेमात तेवढी मावलेली नाही.

तर ज्याला कोणी आधी काही सांगून ठेवलेलं नाही आणि दोन दिवसांत संपेल असं काही हवंय त्याने सायलेंट पेशंट, आजच, रिव्ह्यू न वाचता. ज्याला पुस्तक संपल्यावर आठवडाभर त्यातल्या माणसांबद्दल कोणाशीतरी भांडावंसं वाटलं पाहिजे त्याने गॉन गर्ल. मला एकच ठेवायला सांगितलं तर मी गॉन गर्ल ठेवीन.

आणि दोन्ही घेणार असाल तर सायलेंट पेशंट आधी वाचा. गॉन गर्ल वाचून झालं की पुढची बरीच पुस्तकं आपण प्रत्येक वाक्यावर संशय घेत वाचतो, आणि सायलेंट पेशंटला नेमका असा वाचक लागतो जो अजून तसं करायला शिकलेला नाही.