खाऱ्या पाण्यातले रील: पेन स्पिनफिशर ६

मालवणच्या कातळावरून गळ टाकताना माझे आधीचे स्वस्त रील (गळाची दोरी गुंडाळायची चकरी) दुसऱ्याच वर्षी लाइन रोलरपाशी, म्हणजे दोरी ज्यावरून सरकते त्या छोट्या चाकापाशी, गंजून अडकले, म्हणून या वेळी धातूच्या अंगाचे, पाणीरोधकतेच्या आयपीएक्स ५ दर्जाचे, पेन कंपनीचे स्पिनफिशर ६ घेतले. ते वजनदार आहे. दिवसभर हलके आमिष फेकणाऱ्याचे मनगट भरून येईल. मात्र कार्बन फायबरच्या चकत्यांचा ड्रॅग, म्हणजे मासा ओढू लागल्यावर दोरीला आवर घालणारा ब्रेक, झटके न देता दोरी सोडतो, आणि मोठी तांबोशी मासळी कपारीकडे धावते तेव्हा हेच कामी येते. आयपीएक्स ५ म्हणजे फवाऱ्यापासून संरक्षण, पाण्यात बुडवण्याची मुभा नव्हे. घरी आल्यावर ड्रॅग घट्ट करून गोड्या पाण्याची हलकी धार सोडावी, कारण जोरदार फवारा मीठ आतच ढकलतो. मग पुसून सावलीत वाळवावे, चकत्या दबून राहू नयेत म्हणून ड्रॅग सैल करावा आणि रोलरवर तेलाचा एकच थेंब सोडावा.